लेकीची कंबर, नातवंडाचं डोकं आणि विलायतेतला ऑस्टिओपॅथ

काकू, नमस्कार. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. लेक लंडनमध्ये हॅरोला असते, तिला बत्तिसावा आठवडा चालू आहे. महिनाभर तिला कमरेत मागे आणि पुढे जांघांच्या मधोमध कळ येते, कुशी बदलताना आणि जिना चढताना तर जास्तच. मिडवाइफने, म्हणजे इथल्या शिकलेल्या सुईणीने, फिजिओथेरपीसाठी नाव घातलंय, पण तारीख अजून आलेली नाही. मैत्रिणीने तिला ऑस्टिओपॅथकडे जायला सांगितलं. वर असंही सांगितलं, की बाळ झाल्यावर पंधरा दिवसांत त्यालाही ‘क्रेनियल’साठी, म्हणजे डोक्यावर हलके हात ठेवून करतात त्या उपचारासाठी, न्यायचं, नाहीतर पुढे पोटदुखी, दूध न ओढणं, डोकं वाकडं राहणं मागे लागतं. तुम्ही पुढच्या महिन्यात बाळंतपण करायला निघालात आणि विचारताय: हा माणूस डॉक्टर की मालिशवाला? पोटुशी बाईने त्याच्याकडून अंग मोडून घ्यावं का? आणि एवढ्याशा जिवाला तिकडे न्यायचं कशाला?

मी नाशिकला फिजिओथेरपी शिकले, मग लंडनला येऊन ऑस्टिओपॅथीची पदवी घेतली आणि गेली एकोणीस वर्षं हेच काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ही मुलं असतात. तेव्हा मी आपल्याच दुकानाबद्दल बोलते आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आधी सरळ उत्तर: लेकीला खुशाल जाऊ द्या. बाळाला न्यायची घाई करू नका.

आता हा माणूस कोण ते सांगते. अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकेतला डॉक्टर. १८६४ साली मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. पारा, अफू, रक्त काढणं असले उपाय होते ते, तेव्हा विश्वास उडाला यात नवल नाही. हाडं आणि सांधे हातांनी नीट केले की शरीर आपलं आपण बरं होतं, असं त्याने १८७४ मध्ये मांडलं आणि १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावी शाळा काढली. त्याआधी तो गावोगाव फिरून ‘विजेच्या वेगाचा हाडवैद्य’ अशी स्वतःची जाहिरात करायचा. म्हणजे तुम्हाला हाडवैद्य आठवला असेल तर अगदीच चुकलं नाही! आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेतात, त्यापेक्षा मात्र हे शास्त्र बरंच पुढे गेलंय.

पुढे याला दोन फांद्या फुटल्या आणि गोंधळ तिथेच होतो. अमेरिकेत नावापुढे ‘डी.ओ.’ लावणारे पूर्ण डॉक्टर असतात. ते औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात, बाळंतपणही करतात. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ डॉक्टर नसतो. तो चार-पाच वर्षांची पदवी घेतो, हातांनी स्नायू-सांध्यांवर काम करतो आणि औषध देत नाही. पण तो रस्त्यावरचाही नाही. १९९३ च्या कायद्याने इथे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिल ही संस्था नेमली आणि तिच्या नोंदवहीत नाव नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेणं हा गुन्हा ठरवला. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. लेकीने नाव घातलं की मिनिटभरात कळतं. भारतात असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईत ही पाटी दिसली तर आधी मूळ शिक्षण विचारायचं: फिजिओथेरपी की आणखी काही?

आता लेकीच्या दुखण्याकडे वळू. तुम्ही लिहिलेल्या खुणा, म्हणजे कुशीवर वळताना, जिन्यावर, गाडीतून उतरताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येणं, या बहुतेक वेळा ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यातल्या दुखण्याच्या असतात. मागे कमरेखाली जिथे दोन खळगे दिसतात तिथे दोन सांधे असतात आणि पुढे मधोमध एक. गरोदरपणात दर पाच बायकांमागे साधारण एकीला याचा त्रास होतो. हार्मोनमुळे सांधे सैल पडतात म्हणून दुखतं, असं सरसकट सांगितलं जातं. पण सैल तर सगळ्यांचेच पडतात आणि दुखतं मात्र काहींनाच. वाढलेलं वजन, बदललेला तोल, जुनी दुखापत, झोप न होणं, दिवसभर खुर्चीवरची नोकरी, असं सगळं मिळून ते दुखणं उभं राहतं.

एक वाक्य मात्र लेकीच्या डोक्यात कुणी भरवू देऊ नका: ‘तुझं हाड सरकलंय.’ आमच्यातलेही काही जण बोलून जातात, मला त्याचा संताप येतो. ओटीपोटाची हाडं जाड, मजबूत पट्ट्यांनी बांधलेली असतात, ती उठता-बसता सरकत नाहीत. पण एकदा ऐकलं की बाई पाऊल टाकायला घाबरते, अंग आवळून चालते आणि दुखणं आणखी वाढतं.

ऑस्टिओपॅथ करेल काय? पहिल्या भेटीचा बराच वेळ विचारपूस करण्यात जातो: आधीची बाळंतपणं, रक्तदाब, रक्तस्राव, वार कुठे आहे, बाळ हलतंय का. मग उभं राहायला, वाकायला, पाय उचलायला सांगून तपासणी. उपचार बहुधा कुशीवर झोपवून होतो. एवढ्या दिवसांत बराच वेळ उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि चक्कर येते. कुल्ल्यांचे, कमरेचे, मांडीच्या आतले स्नायू हलके चोळणं, सांधे दुखणार नाहीत इतपत फिरवणं, बाईला स्वतःच्या ताकदीने हाताविरुद्ध ढकलायला लावून स्नायू सैल करणं, असं चालतं. तुम्ही ज्याला ‘अंग मोडणं’ म्हणता तो कडकन आवाजाचा झटका मी गरोदर बाईला जवळजवळ कधीच देत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. लेकीला तो नको असेल तर तिने स्पष्ट सांगावं. नको म्हटल्यावर थांबणं हा इथला नियमच आहे.

याने फरक पडतो का? खरं सांगते, थोडाफार पडतो. यावरची एक मोठी चाचणी अमेरिकेत टेक्सासमध्ये झाली, २०१५ साली ती छापून आली. शेवटचे महिने चालू असलेल्या ४०० बायकांचे तीन गट केले होते. एकाला हातांनी उपचार, दुसऱ्याला अल्ट्रासाउंडचं नुसतं नाटक आणि तिसऱ्याला फक्त नेहमीची तपासणी. हातांनी उपचार झालेल्या बायकांना तिसऱ्या गटापेक्षा बरं वाटलं. पण नाटक झालेल्या गटाशी तुलना केली तर ठळक फरक दिसला नाही. कुणीतरी आठवड्याला वेळ देतं, नीट ऐकतं, अंगावरून हात फिरवतं, यालाही गुण आहे. तो गुण मी हलका मानत नाही, फक्त त्याला चमत्कार म्हणत नाही. तेव्हा लेकीने तीन-चार भेटींचा हिशोब धरावा. तेवढ्यात काहीच उतार नसेल तर पुढचे पैसे वाचवावेत. एका भेटीचे ५० ते ८० पौंड जातात आणि एन.एच.एस.मधून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून, हा उपचार सहसा मिळत नाही. फिजिओथेरपीची तारीख मात्र सोडायची नाही. ती फुकट आहे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकायचे तर तीच जागा योग्य.

माझ्या अनुभवात टेबलावरच्या अर्ध्या तासापेक्षा घरातल्या बारीकसारीक बदलांनी जास्त काम होतं. कुशी बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून, अख्खं अंग एकदम वळवायचं. गादीवर कमरेखाली जुनी रेशमी साडी घडी करून घालायची. अंग सरकतं आणि वळताना ओढ बसत नाही. माझ्या पेशंट ही युक्ती एकमेकींना सांगतात, इंग्रज बायका त्याच कामाला सॅटिनची चादर वापरतात. रात्री डाव्या किंवा उजव्या कुशीवर झोपायचं, गुडघ्यांमध्ये उशी. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून कुशीवर झोपण्याचा सल्ला इथे तसाही सगळ्यांना देतात. कपडे बसून घालायचे. जिना एक-एक पायरी घेत, दिवसातून मोजक्या वेळा. गाडीत बसताना आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. आणि काकू, एक तुमच्यासाठी. ‘खाली बसून केर काढ, फरशी पूस, म्हणजे बाळंतपण सोपं जातं’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ज्या बाईच्या पुढच्या सांध्यात कळ येते तिला फतकल मारून बसणं, उकिडवं बसणं आणि जड बादली उचलणं हेच सगळ्यात वाईट. ती करत नसेल तर आळशी म्हणू नका.

आणखी एक काम सदतिसाव्या आठवड्याच्या आत करून ठेवा. तिला कुशीवर झोपवून किंवा टेकून बसवून, न दुखता दोन गुडघ्यांत किती अंतर पडतं ते टेपने मोजा आणि तो आकडा बाळंतपणाच्या कागदात लिहून ठेवा. कळांच्या वेळी भूल दिली तर दुखणं कळत नाही आणि पाय त्याहून जास्त फाकवले जातात. मिडवाइफला आकडा माहीत असला की ती सांभाळून घेते.

आता विशेष आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी. बरीच वर्षं झाली, एक गुजराती मुलगी माझ्याकडे आली होती. सहावा महिना, कंबर-मांड्यांत दुखणं, बदकासारखी चाल. मी चार आठवडे मन लावून उपचार केले. उतार शून्य. मग एकदा नुसतं नडगीचं हाड दाबलं तर ती कळवळली, आणि खुर्चीवरून उठताना तिला हातांचा आधार घ्यावा लागतो हेही लक्षात आलं. जी.पी.ला, म्हणजे तिच्या नेहमीच्या डॉक्टरला, चिठ्ठी दिली, रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच, हाडं मऊ पडत चालली होती. सांध्यांचं दुखणं समजून मी महिना घालवला होता. इथलं ऊन कमी, आपली कातडी सावळी, अंग झाकलेलं, त्यात शाकाहार. गरोदरपणात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला इथे सगळ्यांनाच सांगतात. गोळ्यांची बाटली कपाटात आहे की पोटात जाते आहे, ते तुम्ही आल्यावर बघा.

दुसरी गोष्ट खाजेची. पुरळ नाही, पण तळहात-तळपायांना खाज सुटते, रात्री जास्त, तर ते गरोदरपणातलं यकृताचं दुखणं असू शकतं. ब्रिटनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांत ते इतरांपेक्षा जास्त दिसतं. खोबरेल तेल लावून वाट बघायची नाही, त्याच दिवशी मॅटर्निटी युनिटला फोन.

फोनवरूनच विषय निघाला म्हणून सांगते. पुढच्या गोष्टींत ऑस्टिओपॅथ, फिजिओ, मालिश काहीही नको, थेट हॉस्पिटल: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, जोराचं डोकं दुखणं आणि डोळ्यांपुढे ठिपके येणं, चेहरा-हात एकदम सुजणं, एकच पोटरी सुजून दुखणं, ताप आणि बरगडीखाली कळ, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर तीही धावपळीचीच वेळ. एखादा ऑस्टिओपॅथ यातलं काही ऐकूनही ‘बघू, आधी एक सेशन करू’ म्हणाला तर तिथून उठायचं.

आता बाळ. इथे मला माझ्याच व्यवसायातल्या पुष्कळांशी वाकडेपणा घ्यावा लागतो.

‘क्रेनियल’ची मूळ कल्पना विल्यम सदरलंडची. तो स्टिलच्याच शाळेतला विद्यार्थी. सुटी केलेली कवटी बघताना कानाजवळच्या हाडाच्या तासलेल्या कडा त्याला माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या. यावरून त्याने ठरवलं, की कवटीची हाडं श्वासासारखी आतबाहेर हलत असणार, ती लय बोटांना कळते आणि बिघडली तर सुधारता येते. कल्पना सुंदर आहे, नाही असं नाही. पण दोन अनुभवी माणसांनी एकाच डोक्यावर हात ठेवून लय मोजली तर आकडे जुळत नाहीत, हे पुन्हा पुन्हा दिसून आलंय. जी गोष्ट दोघांना सारखी लागत नाही ती बाळाच्या डोक्यात आहे की आमच्या बोटांत?

मी स्वतः पहिली सहा-सात वर्षं हे मनापासून केलं. बाळं माझ्या हातात झोपून जायची, आया म्हणायच्या, जादू आहे हो तुमच्या हातात. कुणाला आवडणार नाही? मग एकदा हिशोबाच्या निमित्ताने जुनी अपॉइंटमेंटची डायरी चाळली. रडकी बाळं बहुतेक पाच-सहा आठवड्यांची असताना येत आणि तीन महिन्यांची होईतो शांत होत. एवढं मला अपेक्षितच होतं. पण ज्यांनी दुसरी अपॉइंटमेंट रद्द केली होती, त्यांच्यापुढेही माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘फोन आला, आता बरं आहे, येत नाहीत.’ त्या दिवशी मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिले.

त्याचं कारण साधं आहे. तान्ह्या बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. आईबाप कळसाला टेकले की मदत शोधतात. म्हणजे त्यानंतर काहीही केलं, बाळगुटी दिली, दृष्ट काढली, ग्राइप वॉटर पाजलं, माझ्याकडे आणलं, तरी पुढे उतारच असतो. २०१२ मध्ये सहा चाचण्यांतल्या ३२५ बाळांची माहिती एकत्र तपासली गेली. वरवर पाहता हातांच्या उपचाराने रडणं कमी झालेलं दिसलं, पण उपचार झाला की नाही हे आईबापांना ठाऊक नव्हतं अशाच चाचण्या धरल्या तेव्हा तो फरक टिकला नाही. दुधाचंही तसंच. फ्रान्समध्ये १२८ मायलेकरांवर केलेल्या चाचणीत, ऑस्टिओपॅथीने महिन्याभरानंतर निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं नाही. बाळ नीट ओढत नसेल, आईची बोंडं चिरत असतील, तर स्तनपानाची जाणकार बाई घरी बोलवा, बाळाला कसं धरलंय ते तिला बघू द्या, जीभ तपासू द्या.

फ्रान्समध्ये २००७ पासून नियम आहे, की सहा महिन्यांखालच्या बाळाच्या डोक्याला, चेहऱ्याला किंवा मणक्याला ऑस्टिओपॅथने हात लावायचा तर आधी डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं. ब्रिटनमध्ये तसं नाही, पण पोटशूळ किंवा बाळाचं रडणं बरं करतो अशी जाहिरात करायला जाहिरात-नियामकांनी २०१६ साली मनाई केली. तेव्हा कुणाच्या पाटीवर किंवा फोन-पोस्टवर ते लिहिलेलं दिसलं तर नियम माहीत नाही किंवा पाळायचा नाही, दोन्हीतलं एक समजायचं. ‘जन्माचा धक्का बाळाच्या मणक्यात साठलेला असतो, तो काढावा लागतो’ हे वाक्यही त्याच जातीचं. जन्मताना कवटीची हाडं एकमेकांवर चढतात, ती तशी चढावीत म्हणूनच मोकळी असतात. बहुतेकांचं डोकं काही दिवसांत आपसूक गोल होतं. व्हॅक्यूम लावून झालेल्या बाळाला टेंगूळ आलं असेल तर ते जिरायला काही आठवडे लागतात, आणि ते दाबायचं तर अजिबात नाही.

मग माझ्याकडे बाळ आणलं तर मी परत पाठवते का? नाही. तास देते. कपडे काढून बाळ नीट बघते, मान दोन्हीकडे वळते का, कंबरेचे सांधे, टाळू, पाय. एकदा असंच ‘सारखं रडतंय, पोट दुखतंय’ म्हणून आणलेलं दोन महिन्यांचं बाळ होतं. मोजा काढला तर पायाच्या बोटाला आईचा लांब केस गुंडाळला जाऊन बोट जांभळं पडलेलं. बाळंतपणानंतर केस गळतात, ते दुपट्यात, मोज्यात अडकतात. लगेच हॉस्पिटलला पाठवलं, केस कापला, रडणं थांबलं. तेव्हा बाळ अचानक बेभान रडायला लागलं तर आधी हातापायांची बोटं आणि मुलाचं शू-शूचं इंद्रिय बघायचं. हिरवी उलटी, दर पाजण्यानंतर कारंज्यासारखी उलटी, शौचातून रक्त, मलूल पडणं, टाळू फुगणं, तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ किंवा जास्त ताप, यांत कुणाच्या हाताचा उपयोग नाही, डॉक्टरच लागतो.

आणि पुष्कळदा अपॉइंटमेंट बाळाच्या नावावर असते, पण पेशंट आई असते. चार रात्री झोपलेली नसते, अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखत असतं कारण दिवसभर बाळाला बगलेत धरून उचलते, टाक्यांची ओढ असते, खोकताना लघवी होते आणि हे कुणाला सांगितलेलं नसतं. तिला विचारलं, ‘तू कशी आहेस?’ की डोळे भरतात. हात लावून बरं करण्यासारखं खूप काही तिच्या अंगात असतं. तिचं मनगट, मान, पाठ, यांसाठी ऑस्टिओपॅथकडे जाणं मला बाळापेक्षा कितीतरी रास्त वाटतं. आणि रडू पंधरा दिवस थांबत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर जी.पी. किंवा हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे बाळ-बाळंतिणीला बघायला येणाऱ्या नर्सला, सांगायचं, घरातल्या घरात ‘होतं असं’ म्हणून झाकायचं नाही.

डोक्याच्या आकाराचं तुम्ही मुद्दाम विचारलंत. ब्रिटनमध्ये १९९१ पासून बाळाला उताणं झोपवायची मोहीम चालू झाली आणि झोपेत बाळ दगावण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले. त्याची एक बारीक किंमत म्हणजे मागून किंवा एका बाजूने चपटं होणारं डोकं. म्हणून उताणंच झोपवायचं, पण जागेपणी, कुणीतरी समोर असताना पालथं घालायचं. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं, तुमच्या छातीवर असलं तरी चालेल. बाळ ज्या बाजूला बघत नाही त्या बाजूने बोलायचं, खुळखुळा तिकडून वाजवायचा, पाळण्यातली दिशा बदलायची. मान एकाच बाजूला वळत असेल, मानेच्या स्नायूत गाठ लागत असेल, तर लहान मुलांच्या फिजिओकडे लवकर जायचं. लवकर सुरू केलेल्या व्यायामाने बहुतेक बाळं पूर्ण सुधारतात. दोन हजार पौंडांच्या आसपासचं हेल्मेट कुणी सुचवलं तर २०१४ ची नेदरलँड्समधली ८४ बाळांवरची चाचणी आठवा: हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांच्या डोक्यांत दोन वर्षांच्या वयात फरक दिसला नाही. कवटीच्या शिवणीवर टणक उंचवटा लागत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा, तिथे शिवण वेळेआधी जुळलेली असू शकते.

मोहरीची उशी बॅगेत भरली असेल तर काढून ठेवा. वर्षाखालच्या बाळाला पाळण्यात कुठलीच उशी द्यायची नाही, असं इथे स्पष्ट सांगतात आणि मला ते पटतं. टाळू भरायला तेल ओतता तेव्हा नुसता तळवा ठेवा, दाबू नका. नाक ओढून सरळ करणं, डोकं दाबून गोल करणंही नको. मालिश मात्र सोडू नका! इथल्या आया पैसे भरून बाळाची मालिश शिकायला जातात. २००५ साली छापून आलेल्या मुंबईच्या एका अभ्यासात, खोबरेल तेलाने मालिश केलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन जास्त वेगाने वाढलं होतं. मोहरीचं तेल कातडीला बाधतं, ते टाळा. तुमच्या मऊ हातांची, गुणगुणत केलेली मालिश आणि माझी पौंड मोजून घेतलेली ‘हलक्या स्पर्शाची’ भेट यांत बाळाला फारसा फरक कळत असेल असं मला वाटत नाही.

शेवटी तुमच्या स्वतःच्या पाठीचं. दरवर्षी उन्हाळ्यात माझ्याकडे भारतातून आलेल्या आज्यांची रांग लागते, आणि बहुतेकींची कंबर बाळाच्या अंघोळीत गेलेली असते. इथल्या न्हाणीघरात जमिनीला मोरी नसते, त्यामुळे पाटावर पाय पसरून, बाळ पायांवर घेऊन न्हाऊ घालता येत नाही. मग आज्या टबाच्या काठावरून ओणव्या वाकून तेच करू बघतात. ओट्याच्या उंचीवर प्लास्टिकचं छोटं टब ठेवा, पाणी जावयाला भरू द्या आणि ओतूही त्यालाच द्या. बाळाला उचलताना आधी त्याला छातीशी धरा, मग उभ्या राहा. रात्री पायांची आग होत असेल किंवा पूर्वीचा मणक्याचा त्रास असेल तर इकडे यायच्या आधीच तिकडच्या डॉक्टरांना दाखवून, रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी बरोबर घ्या, आणि प्रवासाचा आरोग्य विमा काढायला विसरू नका. लेकीची रेशमी साडी माहेरच्या कपाटात असेल तर तीही आणा, बाळ होईतो तिला गादीवर लागणार आहे.